डॉ. जोसेफ गोल्डबर्गर : दरिद्री ताटाचा शोध

सिकंदराबादजवळ बेगमपेठेत १८९७ साली रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे परोपजीवी सापडले, हे आपल्या शहरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते युगच रोगजंतूंच्या शोधाचे होते. पाश्चर आणि कॉख यांनी घालून दिलेल्या वाटेने जो तो निघाला होता आणि प्रत्येक रोगामागे एखादा जंतू असणारच, ही वैद्यकाची जवळजवळ श्रद्धा बनली होती. या श्रद्धेत वाढलेल्या, जंतूंच्या पाठलागात स्वतः अनेकदा अंथरुणाला खिळलेल्या एका वैद्याने आपल्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे मात्र एका रोगाला जंतूच नाही हे सिद्ध करण्यात वेचली. ते डॉ. जोसेफ गोल्डबर्गर. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात त्यांचे स्थान फार वरचे आहे. मराठीत मात्र त्यांचे नाव बहुधा जीवनसत्त्वांवरच्या पाठात एखाद्या ओळीपुरते येते आणि तेथेच संपते. त्यांच्या कार्याचा एक धागा आपल्या हैदराबादेपर्यंत आणि आपल्या जोंधळ्याच्या भाकरीपर्यंत येऊन पोहोचलेला आहे. त्यामुळे या ग्रंथात त्यांचे चरित्र परके वाटू नये.

गोल्डबर्गर यांचा जन्म १६ जुलै १८७४ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील गिराल्ट या खेड्यात एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. वडिलांची उपजीविका मेंढरांवर होती. कळपावर रोग आला, मेंढरे मेली आणि कुटुंब उघडे पडले. १८८३ साली ते सारे बोटीने न्यूयॉर्कला आले आणि त्या शहराच्या पूर्वेकडील दाट, गरीब वस्तीत त्यांनी एक लहानसे वाणसामानाचे दुकान थाटले. दुकानातला माल गिऱ्हाइकांच्या घरी पोचवण्याचे काम धाकट्या जोसेफकडे असे. कोणाच्या घरी काय जाते, कोण उधारीवर नेतो आणि महिनाअखेरीस कोणाची पिशवी हलकी होते, हे त्या मुलाने जवळून पाहिले असणार. पुढे कापडगिरण्यांच्या वसाहतींत वाण्याच्या खतावण्या चाळणारे गोल्डबर्गर पाहिले की हे बालपण आठवल्यावाचून राहत नाही. अर्थात हा केवळ माझा तर्क.

सोळाव्या वर्षी ते अभियंता होण्यासाठी कॉलेजात दाखल झाले. एके दिवशी एका मित्राबरोबर बेल्व्ह्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात व्याख्यान ऐकायला गेले आणि तेथून मनाने परत आलेच नाहीत. १८९५ साली त्यांनी वैद्यकाची पदवी सन्मानाने मिळवली. काही काळ पेन्सिल्वेनियातील विल्क्स-बॅरी या गावी दवाखाना चालवला. पण त्या शांत धंद्यात त्यांचे मन रमले नाही. १८९९ साली ते अमेरिकी सरकारच्या सागरी रुग्णालय सेवेत रुजू झाले. हीच सेवा १९१२ पासून सार्वजनिक आरोग्य सेवा म्हणून ओळखली जाऊ लागली. प्रारंभीचे काम न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी करण्याचे होते. सोळा वर्षांपूर्वी ज्या बंदरात ते स्वतः उतरले होते, तेथेच आता ते दुसऱ्यांच्या डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहत होते.

पुढच्या दशकातील त्यांची कामगिरी साथींच्या मागे धावण्याची आहे. पीतज्वर, डेंगी आणि टायफस हे तिन्ही रोग त्यांनी अभ्यासले आणि हे तिन्ही रोग त्यांना स्वतःला झाले. टायफसने तर मेक्सिकोत त्यांना मृत्यूच्या उंबरठ्यावर नेले होते. १९०९ साली फिलाडेल्फियात खाज सुटणाऱ्या एका विचित्र पुरळाची साथ आली, तेव्हा त्यांनी जे. एफ. शॅम्बर्ग या त्वचारोगतज्ज्ञाबरोबर थोड्याच दिवसांत शोधून काढले की दोष नव्या गवती गाद्यांतल्या बारीक किडीचा आहे. त्यासाठी त्यांनी आपले हात त्या गादीत घालून ठेवले होते. स्वतःच्या देहावर प्रयोग करण्याची ही खोड त्यांना लवकरच लागलेली दिसते. जॉन अँडरसन यांच्या सहकार्याने त्यांनी गोवर आणि टायफस यांचा संसर्ग माकडांत उतरवून दाखवला. थोडक्यात, १९१४ पर्यंत ते संसर्गजन्य रोगांचे पट्टीचे जाणकार झाले होते, आणि म्हणूनच त्यांच्यावर पेलाग्राचे काम सोपवण्यात आले.

कौटुंबिक बाबतीत एकच गोष्ट येथे सांगायला हवी. १९०६ साली त्यांनी मेरी फॅरार या ख्रिस्ती तरुणीशी विवाह केला. ती दक्षिणेतील एका प्रतिष्ठित घराण्यातली, यादवी युद्धात दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचे अध्यक्ष असलेल्या जेफर्सन डेव्हिस यांच्या नात्यातली. दोन्ही घरांना हा संबंध मान्य नव्हता. पण तो टिकला आणि चार मुलांचा संसार झाला. या मेरीबाईंचे नाव पुढे एका निराळ्याच कारणाने येणार आहे.

आता पेलाग्राविषयी. ज्या देहाला हा रोग होई, त्याच्या हातांवर, पायांवर आणि गळ्याभोवती उन्हाने भाजल्यासारखे लाल चट्टे उमटत. ते पुढे काळवंडत, खरखरीत होत आणि साल सुटे. त्यामागून जुलाब लागत. शेवटी मन भ्रमिष्ट होई, आणि अनेकांची अखेर वेड्यांच्या इस्पितळात होत असे. स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी १७३५ साली मका खाऊन जगणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत तो प्रथम नोंदवला. गळ्याभोवतीच्या त्या काळ्या पट्ट्याला आजही कासालचा हार म्हणतात. इटलीत त्याला खरखरीत कातडीचा रोग या अर्थी पेलाग्रा हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात तो एकाएकी प्रकट झाला आणि पाहता पाहता हजारो लोकांना ग्रासू लागला. लोक इतके धास्तावले की काही रुग्णालये असे रुग्ण घेईनात आणि शेजारी दार लावून घेऊ लागले. कारणांविषयी तर्क पुष्कळ होते. कोणी किडलेल्या मक्याला दोष देत होते, कोणी ओढ्याकाठच्या माशीला. स्पार्टनबर्ग परिसरात पाहणी करणाऱ्या थॉम्पसन-मॅकफॅडन आयोगाने हा संसर्गजन्य रोग असून उघड्या शौचकूपांशी त्याचे नाते असावे असा निष्कर्ष काढला. वंशशुद्धीचे पुरस्कर्ते चार्ल्स डेव्हनपोर्ट यांना त्यात आनुवंशिकता दिसली. गरिबाघरी आईबाप आणि मुले एकाच रोगाने आजारी पडताना पाहून रक्ताला दोष देणे सोपे असते. ते सारे एकाच चुलीवरचे खातात, हे ध्यानात येत नाही.

१९१४ च्या वसंतात गोल्डबर्गर दक्षिणेत आले आणि तुरुंग, अनाथाश्रम, वेड्यांची इस्पितळे पाहत हिंडले. त्यांनी सूक्ष्मदर्शक काढला नाही. ते नुसते पाहत राहिले. इस्पितळातल्या रुग्णांना पेलाग्रा होत होता, पण त्यांच्यात रात्रंदिवस वावरणाऱ्या परिचारिकांना आणि सेवकांना होत नव्हता. संसर्गजन्य रोग असा वर्गभेद कसा पाळील? मिसिसिपीतील जॅक्सन येथील एका अनाथाश्रमात तर आणखी विलक्षण प्रकार होता. सहा वर्षांखालची मुले बरी, बारा वर्षांवरची बरी, आणि मधली मुले आजारी. चौकशी करता कळले की तान्ह्यांना आणि लहानग्यांना दूध मिळे, कामावर जाणाऱ्या मोठ्या मुलांना मांस मिळे, आणि मधल्यांच्या वाट्याला मक्याचा घाटा, पाव आणि काकवी एवढेच येई. कारण ही मधली मुले तान्हीही नव्हती आणि कामाचीही नव्हती.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्यांनी एक छोटासा लेख प्रसिद्ध करून हा रोग आहाराच्या उणिवेचा असावा असे सुचवले. मग सरकारी पैशाने जॅक्सनमधल्या दोन अनाथाश्रमांत आणि जॉर्जियातील मिलेजव्हिल येथील वेड्यांच्या इस्पितळाच्या काही वॉर्डांत जेवणात दूध, अंडी, ताजे मांस आणि शेंगांच्या दाण्यांची भर घातली. बाकी काही बदलले नाही. शौचकूप तेच, अंथरुणे तीच, गर्दीही तीच. पुढच्या वसंतात, जेव्हा पेलाग्रा हटकून उलटत असे, तेव्हा तो जवळजवळ कोणालाच झाला नाही. सरकारी पैसा थांबला आणि जेवण पूर्ववत झाले, तेव्हा रोगही परतला.

याच्या उलट बाजूने पुरावा हवा होता. चांगल्या आहाराने रोग जातो हे दिसले. पण वाईट आहाराने निरोगी माणसाला तो होतो का? मिसिसिपीचे राज्यपाल अर्ल ब्रुअर यांच्या संमतीने रँकिन येथील तुरुंगाच्या शेतावर १९१५ साली बारा निरोगी कैद्यांवर हा प्रयोग झाला. मोबदला होता शिक्षेची माफी. एप्रिलपासून त्यांना दक्षिणेतल्या गरिबांचेच जेवण सुरू झाले: मक्याच्या कण्या, पांढऱ्या पिठाचे पदार्थ, तांदूळ, रताळी, कोबीची पाने, काकवी, साखर घातलेली कॉफी. पोटभर मिळे, उपासमार मुळीच नव्हती, आणि हेच त्या प्रयोगाचे मर्म होते. एक जण दुसऱ्या आजारामुळे गळाला. उरलेल्या अकरा जणांपैकी सहा जणांच्या अंगावर शरद ऋतू येईपर्यंत पेलाग्राचे चट्टे उमटले. त्याच शेतावर नेहमीचे जेवण जेवणाऱ्या इतर कैद्यांपैकी कोणालाही काही झाले नाही.

आजच्या नियमांत हा प्रयोग बसणार नाही, आणि बसूही नये. गजांआडच्या माणसाची संमती कितपत खुषीची असते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारला नाही. लोक चिडले ते खुनी मोकळे सुटले म्हणून. गोल्डबर्गर यांचा गौरव करताना ही बाब झाकून ठेवण्याचे कारण नाही. मात्र इतरांना जे सोसायला लावले त्याहून किळसवाणे त्यांनी स्वतः सोसले, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

कारण एवढा पुरावा देऊनही मोठमोठे वैद्य संसर्गाचा हेका सोडीनात. तेव्हा २६ एप्रिल १९१६ रोजी स्पार्टनबर्ग येथे गोल्डबर्गर आणि त्यांचे सहकारी जॉर्ज व्हीलर यांनी पेलाग्राच्या रुग्णाचे रक्त एकमेकांना टोचले, रुग्णाच्या नाकाघशातील स्राव आपल्या नाकाघशाला लावले. पुढे रुग्णांच्या कातडीच्या खपल्या आणि मलमूत्र पिठात कालवून त्याच्या गोळ्या त्यांनी गिळल्या. जठरातील आम्लाने जंतू मरतील अशी शंका उरू नये म्हणून आधी सोडा घेतला. वेगवेगळ्या ठिकाणी सात वेळा हा प्रकार झाला आणि एकंदर सोळा जण त्यात सामील झाले. त्यांतली एक स्त्री म्हणजे मेरी गोल्डबर्गर. गोळ्या गिळू देण्यास पुरुषांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी रुग्णाच्या रक्ताची सुई टोचून घेतली. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

हा प्रसंग नाट्यमय असल्यामुळे गोल्डबर्गर यांच्याविषयीच्या लिखाणात बहुधा तोच गाजतो. माझ्या मते त्यांचे खरे थोर काम याच वर्षी सुरू झाले आणि ते अत्यंत कंटाळवाणे होते.

पेलाग्रा आहाराच्या उणिवेने होतो हे ठरले. मग एका घरात तो होतो आणि शेजारच्या घरात का होत नाही? एका गावात असतो आणि पाच-पन्नास कोसांवरच्या दुसऱ्या गावात का नसतो? लोक चांगले का खात नाहीत? अडाणी म्हणून, आळशी म्हणून, की आणखी कशाने? या प्रश्नासाठी गोल्डबर्गर यांनी वैद्य नव्हे तर एक अर्थशास्त्रज्ञ साथीला घेतला: एडगर सायडेनस्ट्रिकर. दोघांनी दक्षिण कॅरोलायना राज्यातील कापडगिरण्यांच्या वसाहती निवडल्या. १९१६ मध्ये सात, पुढच्या वर्षी चोवीस. दर पंधरवड्याला वैद्य प्रत्येक घराचे दार ठोठावून कोणाला चट्टे उमटले का ते पाहत. दुसरीकडे त्या कुटुंबाने वसंतातल्या ठरावीक पंधरा दिवसांत काय धान्य घेतले, किती दूध, किती मांस, किती अंडी, याची नोंद गिरणीच्या दुकानाच्या वह्यांवरून आणि गृहिणीला विचारून होई. घरात कमावती माणसे किती, खाणारी तोंडे किती, मुलाचे तोंड मोठ्या माणसाच्या किती हिश्शाचे धरायचे, याचा बारीक हिशेब मांडला होता. इतक्या काटेकोरपणे गरिबाच्या घरातला पैसा आणि रोग एकाच पानावर तोवर क्वचितच कोणी लिहिला असेल.

उत्तर स्पष्ट निघाले. उत्पन्न जसजसे खाली जाई, तसतसा पेलाग्रा वर चढे. उत्पन्नाच्या सर्वांत खालच्या पायरीवर तो सर्वाधिक, सर्वांत वरच्या पायरीवर जवळजवळ नाही. शौचकूपांची स्वच्छता मोजून पाहिली, तिच्याशी रोगाचा सुसंगत मेळ बसेना. थॉम्पसन-मॅकफॅडन आयोगाला घाण आणि पेलाग्रा एकत्र दिसले होते, ते डोळ्यांचे खोटे नव्हते. पण दोन गोष्टी एका घरात राहतात म्हणजे एक दुसरीची आई असते असे नाही. दोघींची आई तिसरीच असू शकते, आणि येथे ती गरिबी होती.

पण उत्पन्न हेही संपूर्ण उत्तर नव्हते. न्यूरी आणि इनमन मिल्स ही दोन गिरणीगावे त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. मजुरीत फारसे अंतर नसताना इनमन मिल्समध्ये पेलाग्रा भरपूर आणि न्यूरीत नाही. न्यूरीच्या आसपासचे शेतकरी भाजी, दूध, अंडी, मांस पिकवून गावात विकायला आणत. इनमन मिल्सच्या भोवती मात्र दारापर्यंत कापूसच कापूस होता. हाती पैसा असला तरी वसंतात विकत घ्यायला ताजे काही मिळतच नसे. म्हणजे खिशात काय आहे याबरोबरच शिवारात काय पेरले आहे यावरही गिरणीतल्या मुलाची कातडी शाबूत राहणे अवलंबून होते. हे सत्य वैद्यकाच्या पुस्तकात बसत नव्हते. त्यासाठी दक्षिणेची सारी शेतीव्यवस्था तपासावी लागत होती: जमीनदाराच्या रानात बटईने राबणारा कुळंबी, गोरा किंवा काळा, कापसाशिवाय दुसरे काही लावण्याची त्याला नसलेली मुभा, हंगामभर दुकानातून उधारीवर उचललेले मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी, आणि हंगामाच्या शेवटी कापूस जाऊनही फिटत नसलेली ती उधारी. वऱ्हाड-मराठवाड्यातील वाचकाला याचा अर्थ वेगळा फोडून सांगायला नको.

आणि येथेच गोल्डबर्गर यांची खरी अडचण सुरू झाली. जंतू सापडला असता तर सर्वांनी त्यांना खांद्यावर घेतले असते; जंतूला मारायला कोणाची हरकत नसते. १९२० साली कापसाचे भाव निम्म्याहून खाली कोसळले. गोल्डबर्गर यांनी ताबडतोब ताडले की पुढच्या वसंतात पेलाग्रा उसळणार. तशी चिन्हे दिसू लागताच अध्यक्ष हार्डिंग यांनी १९२१ च्या उन्हाळ्यात दक्षिणेला मदत करण्याविषयी रेडक्रॉसला सुचवले. त्यावर दक्षिणेतून कृतज्ञतेऐवजी संतापाची लाट उठली. आमच्याकडे दुष्काळ नाही, आमची बदनामी चालली आहे, असा ओरडा लोकप्रतिनिधींनी, व्यापारी मंडळांनी आणि वृत्तपत्रांनी केला. भांडवल येईनासे होईल, लोक येथे वस्तीला येणार नाहीत, ही भीती त्यामागे होती. काही आरोग्याधिकाऱ्यांनीही आपल्या भागात रोग नसल्याचा निर्वाळा दिला. गोल्डबर्गर उत्तरेतले, परदेशात जन्मलेले आणि ज्यू. त्यांच्याकडून हे ऐकून घेणे त्या समाजाला जडच गेले.

शेतीव्यवस्था बदलणे वैद्याच्या हाती नव्हते. तेव्हा ते पुन्हा प्रयोगशाळेत वळले, पण आता शोध होता स्वस्त उपायाचा. दूध-मांस परवडत नसेल तर परवडणारे काय? कुत्र्यांना निकृष्ट आहार दिला की त्यांची जीभ काळी पडते, हा पेलाग्रासारखाच विकार त्यांनी कसोटी म्हणून वापरला. पेलाग्राला अडवणाऱ्या या अज्ञात अन्नघटकाला त्यांनी पेलाग्रा-प्रतिबंधक असे साधे नाव दिले. डब्ल्यू. एफ. टॅनर यांच्याबरोबर त्यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल रुग्णाला देऊन पाहिले होते आणि सुधारणाही दिसली होती. ते सत्याच्या अगदी जवळ जाऊन आले होते हे आज कळते. पुढे त्यांना आढळले की दारू गाळताना वापरतात ते वाळवलेले यीस्ट थोडेसे जरी रोज दिले तरी पेलाग्रा हटतो. हे पुष्कळ स्वस्त होते. १९२७ साली मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला, गायी वाहून गेल्या, बागा बुडाल्या, तेव्हा गोल्डबर्गर आणि सायडेनस्ट्रिकर पूरग्रस्त भागात हिंडले आणि रेडक्रॉसने हजारो पौंड यीस्ट वाटले. त्याने कित्येक जीव वाचले. पण आपल्या अहवालात त्या दोघांनी मूळ दुखणे एका पिकाची शेती आणि कुळांची अवस्था हेच असल्याचे पुन्हा नोंदवून ठेवले.

१९२८ च्या सुमारास अमेरिकेत पेलाग्राच्या मृत्यूंची संख्या शिगेला पोचली होती. रोगाचे कारण ठाऊक, उपाय ठाऊक, आणि रुग्ण पूर्वीपेक्षा अधिक. अशा स्थितीत गोल्डबर्गर स्वतः मूत्रपिंडाच्या कर्करोगाने आजारी पडले. १७ जानेवारी १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा पोटोमॅक नदीत सोडण्यात आली. धर्मगुरूने ज्यूंची मृत्यूनंतरची प्रार्थना म्हटली. संपत्ती त्यांनी काही मागे ठेवली नव्हती. मेरीबाईंसाठी निर्वाहवेतन मंजूर करण्याचे काम अमेरिकी संसदेला करावे लागले.

त्यांना हवा असलेला घटक १९३७ साली विस्कॉन्सिनमध्ये कॉनरॅड एल्वेजेम यांच्या हाती लागला. ते निकोटिनिक आम्ल, आजच्या भाषेत नायसिन. नवल असे की हे द्रव्य नवे नव्हतेच. कासिमिर फुंक यांनी बेरीबेरीचा उपाय शोधताना तांदळाच्या कोंड्यातून ते पूर्वीच वेगळे केले होते आणि बेरीबेरीला निरुपयोगी म्हणून ते मागे पडले होते. ट्रिप्टोफॅनपासून शरीर स्वतः नायसिन बनवते, हे १९४५ नंतर उलगडले. मक्यात नायसिन असते, पण असे बांधलेले की पोटाला ते सोडवून घेता येत नाही. मेक्सिकोचे मूळ रहिवासी हजारो वर्षे मका चुन्याच्या निवळीत शिजवून मगच दळत आणि त्यामुळे ते बंधन सुटत असे. युरोपीयांनी मका नेला, चुना मागे ठेवला. १९४२ साली पिठात जीवनसत्त्वे घालण्याची सक्ती करणाऱ्या पहिल्या राज्यांत दक्षिण कॅरोलायना होते, जेथे गोल्डबर्गर यांनी दारोदार हिशेब केला होता. अलीकडच्या अर्थशास्त्रज्ञांनी जुने आकडे तपासून आणखी एक गंमत दाखवली आहे: कपाशीची बोंडे खाणारा भुंगा ज्या ज्या जिल्ह्यात शिरला, तेथे शेतकऱ्याला कापूस सोडून अन्नधान्य लावणे भाग पडले आणि पेलाग्राचे मृत्यू उतरले. अलाबामातील एंटरप्राइज गावाने १९१९ साली या भुंग्याचे स्मारक उभारले आहे, ते पेलाग्रासाठी नव्हे, भुईमुगाने आलेल्या समृद्धीसाठी; पण दोन्हींचे मूळ एकच.

आता आपल्या दारी येऊ. कुन्नूर येथील पोषणसंशोधनाची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेत आली. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. तेथल्या संशोधकांना एक कोडे पडले होते. उस्मानिया रुग्णालयात पेलाग्राचे रुग्ण येत होते, आणि ते मका खाणारे नव्हते. ते दख्खनच्या पठारावरचे भूमिहीन मजूर होते आणि त्यांचे अन्न जोंधळा होते. जोंधळ्यात ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते; मग पेलाग्रा कसा? १९६० साली सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी मांडले की जोंधळ्यात ल्युसिन हे अमिनो आम्ल फार असते आणि त्याचा अतिरेक शरीरातील नायसिनच्या व्यवस्थेत बिघाड करतो. गोल्डबर्गर यांची जुनी कसोटी येथेही उपयोगी पडली: जोंधळ्यावर ठेवलेल्या कुत्र्यांच्या जिभा काळ्या पडल्या. ल्युसिनचा हा सिद्धान्त पुढे सर्वांनी जसाच्या तसा स्वीकारला नाही. ब६ जीवनसत्त्वाचाही त्यात वाटा आहे असे तेथल्याच संशोधकांनी दाखवले.

ज्यांचे आजोळ लातूर-नांदेडकडे आहे, त्यांनी यावरून भाकरीविषयी मनात किंतू आणू नये. भाकरीबरोबर वरण, ताक, शेंगदाण्याची चटणी असणाऱ्या घरांत हा रोग नव्हता. तो होता तीन त्रिकाळ भाकरी आणि तिखट-मीठ एवढ्यावर निभावणाऱ्यांच्या वस्तीत, आणि वसंत ऋतूऐवजी आपल्याकडच्या हंगामाप्रमाणे तो डोके वर काढी. १९८३ पासून आंध्र प्रदेशात दोन रुपये किलो दराने तांदूळ मिळू लागला, गरिबाच्या ताटातून जोंधळा हळूहळू उठला, आणि उस्मानियाच्या वॉर्डांत गळ्याभोवती काळा पट्टा असलेला रुग्ण क्वचित दिसू लागला. आज शहराच्या बाजारात जोंधळा रेशनच्या तांदळाहून कितीतरी महाग विकला जातो आणि तो विकत घेणाऱ्याच्या घरी दूधही असते.